तारापूरला अणूतून वीज नेमकी कशी निघते?

बोईसरच्या एका वाचकाने एका दमात तीन प्रश्न विचारलेत. पहिला: अणू फोडून ऊर्जा मिळते, तर तिची थेट वीज का करत नाहीत, मध्ये पाणी उकळायचा द्राविडी प्राणायाम कशाला? दुसरा: शेवटी वाफेवरच टर्बाइन फिरवायचं, तर कोळसा काय वाईट होता? आणि तिसरा: भट्टी बंद केली की विषय संपला, मग लोक एवढे घाबरतात कशाला?

माझी नोकरी जड पाण्याच्या भट्ट्यांवर (जड पाणी म्हणजे काय ते पुढे येईलच), कंट्रोल रूमच्या शिफ्टमध्ये झाली, त्यामुळे उत्तर त्या खुर्चीतून देतो. उदाहरण तुमच्या दाराशी असलेल्याच केंद्राचं घेऊ: तारापूरचे ३ आणि ४ क्रमांकाचे संच. प्रत्येकी ५४० मेगावॉट. चौथा २००५ मध्ये उत्पादनात आला आणि तिसरा २००६ मध्ये. (क्रम उलटा वाटतो, पण तसंच आहे.)

शाळेच्या पुस्तकातलं उत्तर एका ओळीचं: विखंडनाने (म्हणजे अणू फुटण्याने) उष्णता, उष्णतेने वाफ, वाफेने टर्बाइन, टर्बाइनने जनित्र. ते बरोबरच आहे. पण ते वाचून असं वाटतं की अवघड काम पहिल्या पायरीवर आहे. तिथे काम केलेल्या माणसाला विचाराल तर तो सांगेल, अणू फुटतच असतो. तो फुटल्यावर निघालेली उष्णता तिथून अखंड बाहेर काढत राहणं, हा खरा धंदा. भट्टी चालू असताना काढायची, बंद असतानाही काढायची. तिन्ही प्रश्नांची उत्तरं शेवटी तिथेच येऊन थांबतात.

पहिला प्रश्न आधी घेतो. युरेनियम-२३५ च्या केंद्रकाने न्यूट्रॉन गिळला की ते दुभंगतं. दोन तुकडे सुसाट उडतात, सोबत दोन-तीन नवे न्यूट्रॉन आणि गॅमा किरण. एका विखंडनात साधारण २० कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा निघते आणि तिचा ८० टक्क्यांहून जास्त वाटा त्या दोन तुकड्यांच्या वेगात असतो. तुकड्यांवर विद्युतभार असतो, म्हणून कुणालाही वाटेल की त्यांनाच पकडून प्रवाह बनवू. पण ते जन्माला येतात घन इंधनाच्या पोटात, आणि मिलिमीटरचा शंभरावा भाग जेमतेम ओलांडतात तोच शेजारच्या अणूंना धडकून थांबतात. सगळा वेग आजूबाजूच्या अणूंच्या थरथरीत जातो, आणि ही थरथर म्हणजेच उष्णता. इंधनाच्या बाहेर येईपर्यंत आपल्या हाती दुसरं काही उरलेलं नसतं.

उष्णतेची थेट वीज करता येत नाही असं मात्र नाही. १९७७ साली सोडलेल्या व्हॉयेजर यानांत प्लुटोनियम-२३८ ची उष्णता आणि थर्मोकपल (तापमानाच्या फरकातून थेट वीज देणारा जोड), एवढ्यावर वीज होते. फिरणारा एकही भाग नाही. पण सुरुवातीला तिन्ही जनित्रं मिळून ४७० वॉटच्या आसपास मिळत होते, आणि उष्णतेचा दहावा हिस्साही विजेत उतरत नव्हता. सौरमालेच्या टोकाला दुरुस्तीला कुणी जाणार नाही म्हणून तिथे ते परवडतं. शेकडो मेगावॉट हवे असतील तर वाफेइतकं चांगलं वाहन अजून कुणाला सापडलेलं नाही.

आता प्रमाण बघा. एक वॉट उष्णता सतत मिळवायला सेकंदाला सुमारे ३१ अब्ज विखंडनं लागतात. तारापूरच्या एका संचात उष्णता निघते १,७३० मेगावॉट. आकडा डोक्यात मावत नाही, म्हणून वजनात सांगतो: दिवसभरात फुटलेल्या अणूंचं एकूण वजन दोन किलोही भरत नाही. तेवढीच वीज कोळशावर करायची तर रोज आठ हजार टनांच्या आसपास कोळसा लागेल, म्हणजे मालगाडीचे दोन भरलेले रेक. रोज.

पण भट्टीत दोन किलो टाकून भागत नाही. नैसर्गिक युरेनियममध्ये फुटणारं युरेनियम-२३५ हजारात फक्त सात भाग असतं, बाकी सगळं युरेनियम-२३८. आपल्या जड पाण्याच्या भट्ट्या हेच नैसर्गिक युरेनियम वापरतात. युरेनियम ऑक्साइडच्या काळपट पेलेट, करंगळीच्या जाडीच्या. त्या झिर्कोनियमच्या मिश्रधातूच्या नळ्यांत भरायच्या, अशा ३७ नळ्या गोलाकार बांधल्या की एक बंडल झालं. अर्धा मीटर लांब, दहा सेंटिमीटर व्यास, वजन वीस किलोच्या वर. हैदराबादच्या न्यूक्लियर फ्युएल कॉम्प्लेक्समधून ती येतात. नवं बंडल दोन्ही हातांनी खुशाल उचलता येतं. हातमोजे घालायचे ते आपल्या बचावासाठी कमी आणि बंडलला बोटांचं तेल-घाम लागू नये म्हणून जास्त. पाहुण्यांना हे सांगितलं की ते दोन पावलं मागे सरकतात. तेच बंडल भट्टीतून बाहेर आलं की त्याच्या जवळही फिरकता येत नाही, ते कायम यंत्राने आणि पाण्याखालूनच हलवायचं.

एका बंडलमधून साधारण साडेनऊ लाख युनिट वीज मिळते. महिन्याला १५० युनिट लागणाऱ्या पाचशे घरांचं वर्ष त्यात निघतं. पूर्ण क्षमतेने चालताना संच रोज सरासरी तेराएक बंडलं खातो. भट्टीच्या पोटात एका वेळी ५,०९६ बंडलं असतात: ३९२ आडव्या नळ्या, प्रत्येकीत १३. म्हणजे एक बंडल वर्षभराहून थोडं जास्त आत राहतं. त्या काळात आतलं काही युरेनियम-२३८ न्यूट्रॉन गिळून प्लुटोनियम होतं, आणि त्यातलं बरंचसं तिथेच फुटून वीजही देतं. हा भाग लोकांना माहीत नसतो. बंडलच्या उतारवयातली बरीचशी उष्णता प्लुटोनियमची असते.

आता न्यूट्रॉनकडे. विखंडनातून सुटलेला न्यूट्रॉन सेकंदाला वीस हजार किलोमीटरच्या वेगाने निघतो. इतक्या वेगातला न्यूट्रॉन युरेनियम-२३५ च्या हाती क्वचितच लागतो. त्याला सेकंदाला दोनेक किलोमीटरपर्यंत आणावं लागतं. कॅरममध्ये स्ट्रायकर कडेच्या लाकडावर आपटला की तेवढ्याच जोराने परत येतो, पण सोंगटीवर नीट बसला की वेग तिला देऊन स्वतः जागेवर थांबतो. न्यूट्रॉनचंही तसंच. जड केंद्रकावर आपटून त्याचा वेग फारसा कमी होत नाही, आपल्याच वजनाच्या हायड्रोजनवर आपटला की झपाट्याने मंदावतो. मग साधं पाणी का नको? कारण साधा हायड्रोजन न्यूट्रॉनचा वेग घेता घेता न्यूट्रॉनच खातो. नैसर्गिक युरेनियममध्ये फुटणारे अणू आधीच कमी, ही चोरी परवडत नाही. ड्युटेरियम म्हणजे दुप्पट वजनाचा हायड्रोजन. तो मंद करायला थोडे जास्त धक्के घेतो, पण न्यूट्रॉन खाण्याचं त्याचं प्रमाण शेकडो पटींनी कमी. म्हणून जड पाणी, म्हणजे साध्या हायड्रोजनच्या जागी ड्युटेरियम असलेलं पाणी. याची दुसरी बाजूही लक्षात घ्या: नैसर्गिक युरेनियम साध्या पाण्यात कितीही मांडा, साखळी चालत नाही.

निसर्गात हायड्रोजनच्या साधारण सात हजार अणूंमागे एक ड्युटेरियमचा. तो वेगळा काढणं हे मोठं आणि वीजखाऊ काम आहे. आपल्या रायगड जिल्ह्यात, अलिबागजवळ थळला, खत कारखान्याच्या अमोनिया प्रकल्पाला जोडून हे काम चालतं. भट्टीसाठी ते ९९.८ टक्क्यांच्या वर शुद्ध लागतं. त्यामुळे केंद्रावर जड पाण्याचा हिशेब सोन्यासारखा ठेवतात. कुठल्या पंपाच्या सीलमधून थेंब ठिबकला तर तो गोळा करायचा. वाफ होऊन हवेत गेला तर ती हवा ड्रायरमधून फिरवून परत मिळवायचा. यात पैशाइतकाच ट्रिटियमचाही प्रश्न असतो. वापरात जड पाण्यात ट्रिटियम (किरणोत्सारी हायड्रोजन) वाढत जातं, आणि ते श्वासातून शरीरात जाऊ नये म्हणून काळजी घ्यावी लागते.

साखळी हाताबाहेर का जात नाही, हे नेहमी विचारलं जातं. स्थिर चालणाऱ्या भट्टीत एका विखंडनामागे पुढचं बरोबर एकच विखंडन व्हायला हवं, बाकीचे न्यूट्रॉन कुठे ना कुठे शोषले जायला हवेत. जवळपास सगळे न्यूट्रॉन फुटताक्षणीच सुटतात. तेवढेच असते तर माणूस किंवा यंत्र, कुणालाच त्यांच्या वेगाशी जुळवून घेता आलं नसतं. पण हजारात सहा-सात न्यूट्रॉन उशिरा, काही सेकंदांपासून मिनिटभरापर्यंत, तुकड्यांच्या ऱ्हासातून येतात. भट्टी या उशिरा येणाऱ्यांच्या भरवशावर चालवतात, म्हणून नियंत्रणाला निवांत वेळ मिळतो. तारापूरच्या ५४० च्या संचांत रोजचं नियंत्रण साध्या पाण्याने होतं, हे ऐकून इंजिनियर मंडळीही चकित होतात. भट्टीच्या पोटात चौदा कप्पे आहेत, त्यांतल्या साध्या पाण्याची पातळी वरखाली करायची. पातळी चढली की न्यूट्रॉन जास्त खाल्ले जातात, त्या भागातली शक्ती उतरते. संगणक हे सतत करत असतो. कंट्रोल रूममध्ये चौदा पातळ्या शेजारी शेजारी दिसतात, आणि मुरलेला ऑपरेटर त्यांच्याकडे नुसतं बघून सांगतो की आज इंधन कुठल्या बाजूला बदललंय.

पूर्ण थांबवायचं असेल तर दोन वेगवेगळ्या व्यवस्था आहेत. एकीत कॅडमियमचे दांडे वरून स्वतःच्या वजनाने खाली पडतात. दुसरीत गॅडोलिनियमचं द्रावण दाबाने थेट जड पाण्यात सोडलं जातं. दोन्ही काही सेकंदांत काम आटोपतात.

थांबवणं सोपं, परत चालू करणं मात्र झेनॉनच्या मर्जीवर. विखंडनातून आयोडीन-१३५ तयार होतं, ते साडेसहा तासांच्या अर्धायुष्याने (दर साडेसहा तासांनी उरलेल्यातलं निम्मं) झेनॉन-१३५ बनतं. झेनॉन-१३५ इतकं अधाशी न्यूट्रॉनखाऊ मूलद्रव्य दुसरं नाही. भट्टी चालू असते तोवर ते तयार होतं आणि न्यूट्रॉन गिळून नाहीसंही होतं, तोल राहतो. ट्रिप झाली, म्हणजे भट्टी अचानक बंद पडली, की नाहीसं होणं थांबतं, पण साठलेलं आयोडीन झेनॉन बनवतच राहतं. मग अर्ध्या-पाऊण तासाच्या आत कारण शोधून, दुरुस्त करून, भट्टी परत उचलली तर ठीक. नाहीतर झेनॉन इतकं वाढतं की सगळे दांडे बाहेर काढले तरी साखळी धरत नाही. लॉगमध्ये "पॉयझन आउट" लिहायचं आणि दीडएक दिवस वाट बघायची. ग्रिडला वीज हवी म्हणून लोड डिस्पॅचचे (ग्रिडमधली वीज सांभाळणाऱ्या केंद्राचे) फोन येत राहतात, वरून विचारणा होते. पण झेनॉनपुढे वशिला चालत नाही. आणि त्या अर्ध्या तासाच्या मोहात कारण नीट न समजता भट्टी उचलायला जाणं ही सगळ्यात वाईट सवय. चांगला शिफ्ट-प्रमुख कोण, तर अशा वेळी "जाऊ दे, दीड दिवस गेला तर गेला" म्हणू शकणारा.

इथून पुढे उष्णतेचा प्रवास. पेलेट ही एक प्रकारची सिरॅमिकच, उष्णता तिच्यातून सहज वाहत नाही. त्यामुळे तिच्या मध्यभागी तापमान दीड हजार अंश सेल्सिअसच्या आसपास जाऊ शकतं, आणि तिथून सहा-सात मिलिमीटरवर ३०० अंशांचं जड पाणी वाहत असतं. एवढ्याशा अंतरात हजार अंशांहून जास्त उतार. दहा सेंटिमीटरच्या एका नळीतून सरासरी साडेचार मेगावॉट उष्णता उचलायची असते, म्हणून चार मोठे पंप मिळून सेकंदाला सात-आठ टन जड पाणी या ३९२ नळ्यांतून ढकलतात. पाणी २६० अंशांना आत जातं आणि ३०० च्या थोडं वर होऊन बाहेर येतं. ते उकळू नये म्हणून दाब वातावरणाच्या शंभरपट ठेवलेला असतो. या मंडलाला आम्ही पीएचटी (प्रायमरी हीट ट्रान्सपोर्ट) म्हणतो. मंडल बंद असतं, हेच पाणी फिरून फिरून येतं.

मंद करणारं जड पाणी आणि उष्णता वाहणारं जड पाणी वेगळं असतं. मंद करणारं कॅलंड्रिया नावाच्या मोठ्या आडव्या टाकीत, साध्या दाबाला आणि ७०-८० अंशांच्या आत थंड ठेवलेलं. टाकीतून आरपार जाणाऱ्या नळ्यांत शंभरपट दाबाचं, ३०० अंशांचं पाणी. दोघांमध्ये वायूने भरलेली जेमतेम सेंटिमीटरभर जागा. पहिल्यांदा रेखाचित्र बघताना माझा विश्वास बसला नव्हता. या थंड टाकीचा फायदा पुढे संकटात होतो: बाकी सगळं कोरडं पडलं तरी नळ्यांभोवती पाणी असतं.

पीएचटीचं गरम पाणी चार स्टीम जनरेटरमध्ये जातं. आत उलट्या यू आकाराच्या हजारो बारीक नळ्या. नळ्यांच्या आत जड पाणी, बाहेर साधं पाणी. साध्या पाण्याचा दाब कमी, वातावरणाच्या चाळीसपट, म्हणून ते २५० अंशांना उकळतं. दोन पाणी एकमेकांना कधी भेटत नाहीत, मध्ये मिलिमीटरभर धातू असतो आणि त्यातून फक्त उष्णता पलीकडे जाते. म्हणून टर्बाइनच्या हॉलमध्ये साध्या कपड्यांत फिरता येतं. सेकंदाला आठशे किलोच्या आसपास वाफ इथून टर्बाइनकडे निघते.

टर्बाइनवाल्यांची तक्रार इथे सुरू होते. कोराडीच्या कोळशावरच्या ६६० मेगावॉटच्या संचात वाफ साडेपाचशे अंशांच्या आसपास असते, कोरडी आणि जोमदार. आमची २५० अंशांची, जेमतेम कोरडी. उच्च दाबाच्या टर्बाइनमधून बाहेर पडेपर्यंत तिच्या वजनाचा दहावा हिस्सा थेंब झालेला असतो. मिनिटाला ३,००० फेरे घेणाऱ्या पात्यांवर हे थेंब छर्ऱ्यांसारखे बसतात आणि धातू खातात. म्हणून मध्येच वाफ बाहेर काढून पाणी वेगळं करायचं, तिला परत तापवायचं, आणि मग कमी दाबाच्या टर्बाइनमध्ये सोडायची. पुढे कंडेन्सर, तिथे जवळजवळ निर्वात पोकळी, चाळीस-पंचेचाळीस अंशांनाच वाफेचं पाणी होतं.

कंडेन्सरला थंड ठेवतो तो अरबी समुद्र. हिशेब करा: उष्णता १,७३०, वीज ५४०, उरलेली जवळपास १,२०० मेगावॉट उष्णता समुद्रात. सेकंदाला चाळीसएक टन खारं पाणी सात-आठ अंशांनी तापून परत जातं. अणुवीज केंद्रं समुद्राकाठी किंवा मोठ्या जलाशयाकाठी का असतात, याचं हे उत्तर. उत्तर प्रदेशातल्या नरोऱ्यासारख्या ठिकाणी समुद्र नाही, तिथे उंच मनोरे बांधावे लागतात. वर्तमानपत्रात अणुऊर्जेची बातमी आली की हमखास त्या मनोऱ्याचा फोटो छापतात, जणू तीच भट्टी. त्यातून निघते ती साधी पाण्याची वाफ, आणि तसले मनोरे परळीला आणि कोराडीलाही आहेत. तारापूरला एकही नाही.

तीस-एकतीस टक्केच वीज का, बाकी वाया का? वाफेचं तापमान जेवढं जास्त तेवढी कार्यक्षमता जास्त, हा नियम कुणालाच चुकवता येत नाही. २५० अंशांची वाफ आणि ४५ अंशांचा कंडेन्सर, तर आदर्श यंत्रसुद्धा चाळीस टक्क्यांच्या आतच राहील. वाफ जास्त तापवायची तर इंधनाभोवतीचं पाणी जास्त तापवावं लागेल, दाब वाढवावा लागेल, आणि झिर्कोनियमच्या नळ्यांची सहनशक्ती तिथे आडवी येते. इंधन फारच थोडं लागत असल्याने ही उधळपट्टी सोसता येते. कोळशात ती सोसली नसती.

जनित्राबद्दल फार सांगण्यासारखं नाही. वीस-बावीस हजार व्होल्टला वीज निघते, ट्रान्सफॉर्मर ती ४०० किलोव्होल्टवर नेतो आणि ती पश्चिम ग्रिडमध्ये जाते; महाराष्ट्र, गुजरात, मध्य प्रदेश, छत्तीसगड, गोवा यांचा त्यात वाटा आहे. ५४० पैकी पन्नासएक मेगावॉट केंद्रातलेच पंप आणि बाकी यंत्रं खातात.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर यात आलंच. टर्बाइनपासून पुढे चंद्रपूर आणि तारापूर यांत फारसा फरक नाही. फरक इंधनाच्या वजनात, राखेत आणि धुरात. अणुवीज स्वस्तच असते असं मी म्हणणार नाही. खर्च जवळपास सगळा बांधताना होतो, आणि बांधकाम लांबलं की व्याजाने कंबरडं मोडतं. एकदा उभं राहिलं की मात्र इंधनाचा खर्च किरकोळ. म्हणून अशी केंद्रं दिवसरात्र पूर्ण क्षमतेनेच चालवतात.

आता तिसरा प्रश्न, आणि हा सगळ्यात महत्त्वाचा. कोळशाची भट्टी बंद केली की आग विझते. अणुभट्टीत साखळी थांबते, पण विखंडनाचे तुकडे स्वतः किरणोत्सारी असतात आणि त्यांचा ऱ्हास चालूच राहतो. दांडे पडल्या क्षणी भट्टीची सहा-सात टक्के उष्णता निघतच असते. तारापूरच्या संचात म्हणजे शंभर मेगावॉटच्या वर. तासाभराने दीडएक टक्का. दिवसाने अर्धा टक्का, तरी आठ-नऊ मेगावॉट, सेकंदाला साडेतीन-चार लिटर उकळतं पाणी वाफ करून टाकेल एवढी. ही उष्णता कुठलंही बटण दाबून बंद होत नाही. ती काढत राहिलं नाही तर इंधन वितळतं. ११ मार्च २०११ ला फुकुशिमात नेमकं हेच झालं. भूकंप होताच भट्ट्या व्यवस्थित थांबल्या, पण त्सुनामीने डिझेल जनित्रं बुडवली, पंप थांबले, आणि थांबलेल्या तीन भट्ट्यांतलं इंधन वितळलं.

आपल्याकडचा धडा त्याच्या खूप आधीचा आहे, आणि तो फार कमी लोकांना माहीत आहे. ३१ मार्च १९९३, पहाटे साडेतीनच्या सुमारास, नरोऱ्याच्या पहिल्या संचात टर्बाइनच्या शेवटच्या टप्प्यातली दोन पाती तुटली. तोल गेला, यंत्र भयंकर हादरलं, जनित्र थंड ठेवणारा हायड्रोजन गळला आणि वंगणाच्या तेलाबरोबर पेटला. ऑपरेटरने मिनिटाच्या आत भट्टी थांबवली. पण आग केबलच्या मार्गाने पसरली आणि आणीबाणीच्या विजेच्या केबलही जळाल्या. पूर्ण केंद्र सुमारे सतरा तास अंधारात, एकही मोठा पंप चालू नाही, कंट्रोल रूममध्ये धूर. अशा स्थितीत डिझेलवर चालणारे आगीचे पंप सुरू करून ते पाणी स्टीम जनरेटरमध्ये सोडलं. स्टीम जनरेटर भट्टीच्या वर बसवलेले असतात; त्यामुळे गरम जड पाणी आपोआप वर जातं, तिथे थंड होऊन खाली येतं, आणि पंपाशिवायही फेरा चालू राहतो. रचना करणाऱ्यांनी ही उंची मुद्दाम ठेवलेली होती. भट्टीतली उष्णता त्या फेऱ्याने निघत राहिली. इंधनाला धक्का लागला नाही, किरणोत्सार बाहेर आला नाही.

बिघाड टर्बाइनमध्ये होता, अणूचा त्याच्याशी संबंध नव्हता, भट्टी तर बंदच होती. तरी त्या रात्रीचा सगळा प्रश्न उष्णतेचा होता. त्यानंतर मुख्य आणि आणीबाणीच्या केबलचे मार्ग वेगळे करणं, मध्ये आगरोधक भिंती घालणं, हे सगळं काटेकोर झालं. लोकांची भीती अस्थानी आहे असं मी म्हणत नाही. फक्त ती बॉम्बची नको, पंपांची आणि केबलींची असावी. केंद्र बघायला गेलात तर विचारा: डिझेल जनित्रं कुठल्या उंचीवर आहेत, आणि शेवटची चाचणी कधी झाली. उत्तर देणारा अडखळला नाही तर समजा काम नीट चालू आहे.

वापरलेली बंडलंही याच कारणाने वर्षानुवर्षं खोल पाण्याच्या टाकीत ठेवतात. पाणी उष्णताही काढतं आणि किरणही अडवतं.

तारापूरच्याच १ आणि २ क्रमांकाच्या संचांची रीत वेगळी आहे. ते अमेरिकी बनावटीचे, ऑक्टोबर १९६९ पासूनचे. त्यांत समृद्ध युरेनियम (युरेनियम-२३५ चं प्रमाण वाढवलेलं) आणि साधं पाणी. पाणी भट्टीतच उकळतं आणि तीच वाफ थेट टर्बाइनला जाते. मूळ क्षमता प्रत्येकी २१० मेगावॉट, पण जोडीला असलेल्या दुय्यम स्टीम जनरेटरच्या नळ्यांच्या अडचणींमुळे पुढे १६० वर आणली. भट्टीतली वाफ थेट येत असल्याने चालू असताना टर्बाइनजवळ जाता येत नाही. पाण्यातल्या ऑक्सिजनपासून किरणोत्सारी नायट्रोजन-१६ बनतो आणि तो वाफेबरोबर येतो. मात्र त्याचं अर्धायुष्य सात सेकंदांचं, संच थांबवला की काही मिनिटांत त्याचा मागमूस राहत नाही. त्या संचांत इंधन बदलायचं तर भट्टी थांबवून झाकण काढावं लागतं.

जड पाण्याच्या संचांत तसं करावं लागत नाही. एका नळीच्या दोन टोकांना दोन यंत्रं येऊन चिकटतात, शंभरपट दाब तसाच ठेवून दोन्हीकडची बुचं काढतात, एक यंत्र नवी बंडलं ढकलतं आणि दुसरं जुनी झेलतं. भट्टी पूर्ण जोमात, वीज चालू. कारवारजवळच्या कैगा केंद्राचा पहिला संच १३ मे २०१६ पासून ३१ डिसेंबर २०१८ पर्यंत ९६२ दिवस एकदाही न थांबता चालला तो याच जोरावर, आणि तेव्हा तो जागतिक विक्रम होता. जैतापूरला ज्या १,६५० मेगावॉटच्या फ्रेंच भट्ट्या उभारायचा बेत आहे, त्या साध्या पाण्याच्या आणि समृद्ध युरेनियमच्या; त्यांना इंधन बदलायला दर दीडएक वर्षाने थांबावं लागेल, पण वाफ थोडी जास्त तापत असल्याने कार्यक्षमता छत्तीस टक्क्यांच्या आसपास जाईल.